प्लेगच्या लशीचे जनक हाफकिन साहेब

मुंबईंत परळ येथें हाफकिन इन्स्टिट्यूट ह्या नांवाची एक जुनी संस्था आहे. सर्पदंशावर टोंचावयाचें औषध, मुलांस पाजावयाचा पोलिओचा डोस अशा अनेक गोष्टी तेथून आपल्या खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांपर्यंत पोहोंचल्या आहेत. म्हणून हाफकिन हें नांव पुष्कळांच्या कानांवरून गेलेलें असतें. परंतु हें नांव ज्यांचें, ते कोण, कोठले, आणि ह्या देशांतील गोरगरिबांच्या वस्त्यांत त्यांनीं काय केलें व काय सोसलें, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. आज वाचकांपुढें त्यांचेंच चरित्र थोडक्यांत ठेवावयाचें आहे. सांथ आली म्हणजे रोगाचें मूळ शोधण्याआधीं दोषी मनुष्य शोधण्याची खोड सर्व समाजांत असते, आणि तो दोषी बहुधा गरीबच ठरतो. हाफकिन साहेबांनीं आपलें आयुष्य रोगाचें मूळ व त्यावरील उपाय शोधण्यांत घालविलें. आणि पुढें तीच दोष लावण्याची खोड त्यांच्याही वाट्यास आली. ह्यासाठीं त्यांचें चरित्र विशेष मननीय आहे.

वाल्डेमार हाफकिन ह्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजीं काळ्या समुद्राच्या कांठीं असलेल्या ओडेसा शहरांत झाला. हें शहर त्या काळीं रशियाच्या बादशहाच्या राज्यांत होतें. हाफकिन यहूदी घराण्यांतले होते. त्या राज्यांत यहूदी लोकांस अनेक प्रकारचा जाच होता; कोठें कांहीं अनर्थ घडला कीं त्याचें खापर त्यांच्या माथ्यावर फुटावयाचें. ओडेसाच्या विद्यापीठांत शिकत असतां हाफकिन ह्यांस मेचनिकॉफ नांवाचे थोर गुरु लाभले. सूक्ष्म जीव व रोग ह्यांचा संबंध शोधणाऱ्या विद्वानांत मेचनिकॉफ अग्रगण्य होते. १८८१ सालीं शहरांत यहूदी वस्तीवर दंगेखोर चालून आले, तेव्हां तिचें रक्षण करण्यास उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यांत ते जखमी झाले, व उलट त्यांनाच तुरुंगांत टाकण्यांत आलें. मेचनिकॉफ ह्यांनीं रदबदली केली म्हणून त्यांची सुटका झाली.

पुढें शिक्षण पुरें झाल्यावर विद्यापीठांत बढतीची जागा मिळण्याचा प्रसंग आला, परंतु त्यासाठीं त्यांनीं राजधर्म स्वीकारावा अशी अट होती. हाफकिन ह्यांनीं ती मान्य केली नाहीं. धर्म हा अंतःकरणाचा विषय आहे, पगाराचा नव्हे, हें त्यांनीं आपल्या वर्तनानें दाखविलें. पोटासाठीं धर्म बदलला, हा टोमणा आपल्याकडील गरीब ख्रिस्ती कुटुंबांनीं पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. तेव्हां लाभासाठीं धर्म न बदलणाऱ्या ह्या यहूदी तरुणाचें मोल त्यांस सहज कळेल.

१८८८ सालीं हाफकिन देश सोडून जिनिव्हा येथें गेले, व दुसऱ्या वर्षीं पॅरिस शहरांत पाश्चर ह्यांच्या संस्थेंत आले. तेथें मनाजोगें काम रिकामें नव्हतें, म्हणून त्यांनीं ग्रंथालयांतील साहाय्यकाची लहानशी जागा पत्करिली, आणि उरलेल्या वेळांत ते प्रयोग करूं लागले. त्या वेळीं युरोपांत व आशियांत पटकीनें हजारों लोक मरत होते. पटकीच्या जंतूंपासून लस तयार करून ती आधीं प्राण्यांवर पाहिल्यावर, १८ जुलै १८९२ रोजीं हाफकिन ह्यांनीं ती स्वतःच्या शरीरांत टोंचून घेतली. ताप आला, कांहीं दिवस अंग दुखलें, पण अपाय झाला नाहीं. मग ही लस खऱ्या सांथींत किती उपयोगी पडते हें पाहण्यासाठीं ते स्थळ शोधूं लागले. पूर्वीं हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्या वेळीं पॅरिसमध्यें इंग्लंडचे वकील होते. त्यांनीं हिंदुस्थानांत जाण्याची वाट सुचविली. त्याप्रमाणें मार्च १८९३ मध्यें हाफकिन कलकत्त्यास उतरले.

कलकत्त्यांत गरिबांच्या झोपड्यांच्या वस्तीस बस्ती म्हणत. मातीच्या भिंतींच्या, एकमेकींस लागून असलेल्या झोपड्या, आणि मध्यें एक तळें. त्याच तळ्यांत कपडे धुवावयाचे, भांडीं घासावयाचीं, व त्याचेंच पाणी प्यावयाचें. पटकी ह्या वस्त्यांत दर वर्षीं ठाण मांडून बसे. पक्क्या घरांत राहणारे लोक म्हणत कीं बस्तींतले लोक घाणेरडे, आळशी व अज्ञानी, म्हणून रोग त्यांस गांठतो. ज्याच्या दारीं नळ नाहीं त्यानें स्वच्छ पाणी कोठून आणावें, हा प्रश्न विचारणारे थोडे. हाफकिन ह्याच वस्त्यांत शिरले. शहराच्या आरोग्य खात्याचे प्रमुख डॉ. सिम्प्सन आणि कांहीं बंगाली डॉक्टर त्यांच्याबरोबर असत. परक्या माणसाच्या हातांतली सुई पाहून लोक भ्याले, व एकदां जमावानें दगडही मारले. तेव्हां साहेबांच्या सोबत्यांनीं आधीं स्वतःस टोंचून घेऊन लोकांची भीति घालविली.

मार्च १८९४ मध्यें कट्टल बागान नांवाच्या बस्तींत पटकी सुरू झाली. तेथील सुमारें २०० रहिवाशांपैकीं ११६ जणांनीं लस टोंचून घेतली. पुढें त्या बस्तींत आणखी दहा जण आजारी पडले व त्यांतील सात मेले. ते दहाही जण लस न घेतलेल्यांपैकीं होते. ही संख्या लहान आहे, परंतु तिचा अर्थ मोठा आहे. दोन्हीं प्रकारचे लोक एकाच वस्तींतले, एकाच तळ्याचें पाणी पिणारे, सारखेच गरीब होते. एक गट सदाचारी व दुसरा दुराचारी असें कांहीं नव्हतें. फरक होता तो केवळ लशीचा. हाफकिन साहेबांची कामाची रीति हीच होती. मनुष्य कसा आहे ह्याचा ते निवाडा करीत नसत. सारख्या स्थितींतल्या लोकांची मोजणी करून रोग कशानें आटोक्यांत येतो हें पाहत.

अशा रीतीनें १८९५ पर्यंत त्यांनीं सुमारें बेचाळीस हजार लोकांस लस टोंचली. त्यांत आसामांतील चहाच्या मळ्यांवरील मजूरही होते. हिंवतापानें प्रकृति ढांसळल्यामुळें ते कांहीं काळ इंग्लंडास गेले, परंतु १८९६ सालीं पुन्हां परत आले. त्याच वर्षीं मुंबईवर प्लेगचें संकट कोसळलें.

प्लेग चीन देशांतून आला होता. १८९४ सालीं हाँगकाँग बंदरांत तो पसरला असतां येर्सिन नांवाच्या शास्त्रज्ञानें त्याचा जंतु शोधून काढला होता. तेथून व्यापारी जहाजांच्या वाटेनें तो मुंबईस पोहोंचला. बंदराजवळ मांडवी भागांत धान्याच्या मोठमोठ्या वखारी होत्या, आणि त्यांच्या आसपास हमाल, मजूर व लहान दुकानदार ह्यांच्या चाळी होत्या. एका अंधाऱ्या खोलींत अनेक माणसें राहत. सप्टेंबर १८९६ मध्यें ह्या भागांतील एका रोग्यास पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनीं हा गांठीचा प्लेग आहे असें निदान केलें. हे डॉक्टर मूळचे गोमंतकांतील हडफडें गांवचे, व मुंबईच्या नगरपालिकेचे सभासद होते. प्रथम पुष्कळांस तें पटलें नाहीं, कारण प्लेगचें नांव घेतल्यास व्यापार बसेल अशी भीति होती. शेवटीं तज्ज्ञांकडून तपासणी झाली व निदान खरें ठरलें.

मग दोष देण्यास आरंभ झाला. कांहीं अंमलदार व श्रीमंत लोक म्हणूं लागले कीं चाळींतल्या गरिबांच्या गलिच्छ संवयींमुळें हा रोग शहरावर आला. कांहीं म्हणाले कीं हा देवीचा कोप आहे, कांहीं म्हणाले कीं कलियुगांतील पापाचें हें फळ आहे. जातीजातींनीं एकमेकींकडे बोट दाखविलें. चाळींचे मालक भाडें घेत होते, पण उजेड व वारा देत नव्हते. त्यांच्याकडे मात्र बोट क्वचितच गेलें. १८९१ च्या गणतीप्रमाणें मुंबईची वस्ती आठ लाखांवर होती. १८९७ च्या आरंभापर्यंत त्यांतील जवळ जवळ निम्मे लोक शहर सोडून पळाले. ज्यांस गांव होतें व भाड्यास पैसे होते ते गेले. ज्यांस दोन्हीं नव्हतीं ते मागें राहिले व मेले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांविषयींचा कायदा झाला. घरें तपासणें, रोग्यांस इस्पितळांत नेणें, घरच्या माणसांस निराळ्या छावणींत ठेवणें, सामान जाळणें, आगगाडीच्या प्रवाशांस उतरवून तपासणें असे सक्तीचे उपाय सुरू झाले. हेतु रोग थांबविण्याचा असला तरी रीति अशी होती कीं रोगी हा जणूं गुन्हेगारच आहे असें लोकांस वाटूं लागलें. ह्या कायद्यापूर्वींच, ऑक्टोबर १८९६ मध्यें, गिरण्यांतील मजुरांच्या मोठ्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. इस्पितळांत नेलेला मनुष्य परत येत नाहीं अशी त्यांची समजूत झाली होती. लोक आजारी माणसें लपवूं लागले. त्यामुळें रोग अधिकच पसरला. पुण्यांत सक्तीचा कडेलोट होऊन जून १८९७ मध्यें प्लेगचे अधिकारी रँड ह्यांचा खून झाला. त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले ह्यांनीं मुंढव्याच्या महारवाड्यांतील प्लेग झालेल्या मुलास आपल्या पाठीवर घालून दवाखान्यांत आणलें, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. रोग्याची जात कोणती व दोष कोणाचा हें त्यांनीं विचारलें नाहीं.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्यें मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक खोली व तिच्या बाहेरची पडवी मिळाली. मदतीस एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या साधनांवर त्यांनीं प्लेगची लस तयार करण्याचें काम आरंभिलें. प्लेगचे जंतु वाढविण्यासाठीं मांसाचा रस लागे. लोकांच्या भावना दुखवूं नयेत म्हणून त्यांनीं गाईचें व डुकराचें मांस टाळून बकऱ्याच्या मांसाचा उपयोग केला. त्या रसावर तुपाचे थेंब सोडले असतां त्या थेंबांच्या आश्रयानें जंतु भराभर वाढतात असें त्यांस आढळलें. मग उष्णतेनें ते जंतु मारून त्यांत थोडें कारबॉलिक घालीत. हीच लस. रात्रंदिवस काम करून तीन महिन्यांत ती तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन ह्यांनीं ती प्रथम स्वतःस टोंचवून घेतली. पुढें लोकांस जी मात्रा देण्यांत आली तिच्यापेक्षां ही कितीतरी मोठी होती. त्यांस सडकून ताप आला, तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तुरुंगांतले कैदी म्हणजे समाजानें आधींच दोषी ठरविलेले लोक. त्यांच्यापैकीं सुमारें निम्मे लोक लस घेण्यास आपण होऊन पुढें आले. बाकीच्यांनीं घेतली नाहीं. दोन्हीं गट एकाच भिंतींच्या आंत राहत, व एकच अन्न खात. लस टोंचण्याच्या दिवशींच ज्यांच्या अंगांत रोग प्रगट झाला होता ते वगळून हिशेब केला, तेव्हां असें दिसलें कीं लस न घेतलेल्यांपैकीं बारा जणांस प्लेग झाला व त्यांतील सहा मेले. लस घेतलेल्यांपैकीं दोघांस झाला व कोणीही मेला नाहीं.

ह्यानंतर लोकांचा विश्वास हळू हळू बसूं लागला. खोजा लोकांचे तरुण धर्मगुरु आगाखान ह्यांनीं आपल्या अनुयायांसमक्ष स्वतःस लस टोंचून घेतली, व प्रयोगशाळेसाठीं आपली एक मोठी कोठी दिली; तेव्हां खोजा लोक हजारोंनीं पुढें आले. वडील माणसानें आधीं आपला हात पुढें केला म्हणजे धाकट्यांची भीति जाते, हें त्या वेळीं दिसून आलें. पोर्तुगीज अमलांतील दमण गांवांत १८९७ सालीं २,१९७ लोकांनीं लस घेतली, त्यांतील ३६ मेले. लस न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकीं १,४८२ मेले. बडोद्याजवळच्या उंधेरा खेड्यांत १८९८ सालीं ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्या घरांतील लस घेतलेल्या ७१ माणसांपैकीं तीन मेलीं, व न घेतलेल्या ६४ पैकीं २६ मेलीं. एकाच घरांत, एकाच छपराखालीं हा फरक पडला. १० ऑगस्ट १८९९ रोजीं परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हौसमध्यें प्लेगची मोठी प्रयोगशाळा उघडली, आणि तेथून देशभर लस जाऊं लागली.

मुंबईहून आगगाडीच्या वाटेनें प्लेग आपल्या नाशिक जिल्ह्यांतही शिरला होता. गांवांत उंदीर मरूं लागले कीं लोक घरेंदारें सोडून रानांत व मळ्यांत झोपड्या घालून राहत. भगूर गांवीं १८९९ सालीं दामोदरपंत सावरकर व त्यांचे बंधु दोघेही प्लेगनें वारले. पोरकीं झालेलीं मुलें नाशिकास आलीं. तेथें त्यांतील दोघां भावांस प्लेगनें गांठलें, परंतु ते वांचले. हें घराणें ब्राह्मणाचें, सोंवळें-ओंवळें पाळणारें व खाऊनपिऊन सुखी होतें. चाळींतल्या हमालावर पापाचा व घाणीचा आरोप करणाऱ्यांनीं अशा घरांविषयीं काय म्हटलें असतें? प्लेग जात पाहत नव्हता, व पुण्यही पाहत नव्हता.

तो काय पाहत होता, हें पुढें कळलें. १८९८ सालीं कराचींत सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें असें दाखविलें कीं प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळें माणसांत येतो. उंदीर मेला कीं त्याच्या अंगावरच्या भुकेल्या पिसवा माणसास चावतात. त्या वेळीं त्याचें कोणीं फारसें ऐकलें नाहीं. १९०५ पासून मुंबईंत झालेल्या शोधानंतर तें मान्य झालें. आतां वाचकांनींच विचार करावा. धान्याच्या वखारींत उंदीर वाढले; वखारींच्या शेजारीं हमालांस राहणें भाग होतें, कारण त्यांचें काम तेथेंच होतें; आणि त्यांच्या खोल्यांस उंदरांपासून बचाव नव्हता. हमालाची चूक एवढीच कीं तो गरीब होता. ज्या कारबॉलिकच्या पाण्यानें त्याच्या खोल्या व गटारें धुऊन काढिलीं, त्यानें उंदीर मेले नाहींत. कित्येक जाणत्यांच्या मतें ते शेजारच्या घरांत पळाले, व रोग आपल्याबरोबर घेऊन गेले.

अशा रीतीनें लाखों लोकांस लस दिली जात असतां हाफकिन साहेबांवर घोर प्रसंग आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल नांवाच्या खेड्यांत १०७ लोकांस पांच बाटल्यांतून लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं एका बाटलींतून ज्या १९ जणांस टोंचलें, ते सर्वच्या सर्व धनुर्वातानें मेले. इतर चार बाटल्यांतून ज्यांस टोंचलें त्यांस कांहीं झालें नाहीं. एकोणीस घरांत आकांत झाला. हें दुःख खरें होतें, व त्याची चौकशी होणें योग्यच होतें. परंतु दोष कोणाचा ह्याचा निकाल पुराव्यापेक्षां घाईनें लागला. बाटली मुंबईंत भरतांनाच बिघडली असावी, कारण हाफकिन ह्यांनीं लस शुद्ध करण्याच्या रीतींत थोडा फेर केला होता, असें ठरविण्यांत आलें. ते परके होते, यहूदी होते, व वैद्यकाची पदवी घेतलेले नव्हते, तर प्राणिशास्त्रांतून ह्या कामाकडे वळलेले होते. त्यांच्याविषयीं वाईट मानण्यास कित्येकांचीं मनें आधींच तयार होतीं. त्यांस प्रमुखपदावरून दूर करण्यांत आलें.

चौकशींत एक गोष्ट प्रथमपासून पुढें आली होती, परंतु तिला द्यावें तितकें महत्त्व दिलें गेलें नाहीं. बाटलीचें बूच काढावयाच्या चिमट्यास त्या दिवशीं माती लागली होती, कारण तो साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता. आणि तो नीट शुद्ध न करितां वापरला होता. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात हें आतां लहान मुलांसही शाळेंत शिकवितात. शिवाय ती बाटली उघडण्यापूर्वीं एकेचाळीस दिवस भरून ठेविलेली होती. हे जंतु जर मुंबईपासूनच तींत असते, तर इतक्या दिवसांत बाटलीस भयंकर घाण आली असती. पण उघडतांना तशी घाण आली नव्हती. इंग्लंडांतील रोनाल्ड रॉस ह्यांनीं ही बाजू नेटानें मांडली. डांसांमुळें हिंवताप पसरतो हें ह्याच रॉस ह्यांनीं ह्या देशांत शोधून काढिलें होतें. जुलै १९०७ मध्यें त्यांनीं व इतर नऊ शास्त्रज्ञांनीं मिळून लंडनच्या टाइम्स पत्रांत पत्र प्रसिद्ध केलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनें हाफकिन ह्यांच्यावरील दोष दूर केला.

ह्या पांच वर्षांत हाफकिन ह्यांचीं उमेदीचीं वर्षें वायां गेलीं, आणि लोकांचीही हानि झाली. लस विषारी आहे अशी वार्ता गांवोगांवीं पसरल्यामुळें पुष्कळांनीं ती घेण्याचें नाकारिलें; आणि पंजाबांत त्याच वर्षांत प्लेगनें सर्वांत अधिक माणसें नेलीं. एका मनुष्यास घाईनें दोषी ठरविल्यानें किती घरांत अंधार झाला असेल, ह्याचा हिशेब कोणास करितां येणार?

दोषमुक्त झाल्यावर हाफकिन कलकत्त्यास कामावर परत आले, परंतु पूर्वींसारखी मोकळीक त्यांस पुन्हां मिळाली नाहीं. पंचावन्नाव्या वर्षीं, महायुद्धाच्या आरंभींच्या काळांत, निवृत्त होऊन ते युरोपांत गेले. त्यांनीं लग्न केलें नव्हतें. उतारवयांत ते आपल्या धर्माचें निष्ठेनें पालन करीत, आणि १९२९ सालीं आपली मिळकत त्यांनीं पूर्व युरोपांतील यहूदी विद्यालयांसाठीं ठेव म्हणून दिली. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान शहरीं त्यांचें देहावसान झालें. तत्पूर्वीं १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें होतें. त्या सालापर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या. १९६४ सालीं भारत सरकारनें त्यांचें चित्र असलेलें टपालाचें तिकीट काढिलें.

त्यांच्या लशीनें प्लेग समूळ गेला असें म्हणतां येणार नाहीं. तिचें बळ कांहीं महिने टिके, ताप येई, व कांहीं लोक ती घेऊनही दगावत. ह्या देशांत त्या सांथींत एक कोटीहून अधिक माणसें मेलीं. पुढें औषधें निघालीं, आणि आज वेळीं उपचार झाल्यास प्लेग बरा होतो. परंतु त्या काळीं मरणाच्या दारांतून हजारों गरिबांस मागें ओढणारें दुसरें साधन नव्हतें.

दोष लावण्याची खोड मात्र प्लेगबरोबर गेली नाहीं. २०२० सालीं कोविडची सांथ आली तेव्हां आपल्याच जिल्ह्यांतील मालेगांवीं ती यंत्रमागाच्या मजुरांच्या दाट वस्त्यांत पसरली. एका लहान खोलींत आठ-दहा माणसें राहत असतां त्यांनीं एकमेकांपासून दूर कसें राहावें, हें कोणीं सांगितलें नाहीं. पण त्यांच्या अज्ञानाविषयीं, त्यांच्या धर्माविषयीं व हट्टाविषयीं बोलणारे गांवोगांव झाले. डॉक्टर, परिचारिका, पोलिस व वस्तींतील समंजस माणसें ह्यांनीं घरोघर जाऊन काम केलें, तेव्हां कांहीं आठवड्यांत तेथील जोर ओसरला. तेथेंही लोकांस दोष देऊन कांहीं साधलें नाहीं. जें साधलें तें त्यांच्या दारीं जाऊन साधलें.

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं पाप कोणाचें असें विचारलें होतें, व प्रभूनें तो प्रश्नच बाजूस सारून त्या मनुष्यास दृष्टि दिली, ही कथा मंडळींतील प्रत्येकास ठाऊक आहे. तरीही क्षय, महारोग किंवा एड्स झालेल्या माणसाविषयीं आपल्या गांवांत अजून काय काय बोललें जातें, हें उपदेशक बंधूंनीं व वडील मंडळींनीं ऐकलें असेलच. अशा घरीं गेल्यावर त्यानें काय केलें हें विचारूं नये. पिण्याचें पाणी कोठून येतें, औषध नियमित मिळतें कीं नाहीं, घरांत धान्य आहे कीं नाहीं, जवळच्या सरकारी दवाखान्यांत त्याची नोंद झाली आहे कीं नाहीं, हें विचारावें. आणि मुलांस लस टोंचावयाची तारीख चुकली असेल, तर त्यांच्या आईबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जावें.